मुहूर्ताचा प्रकाश

तंजावरच्या उत्तरेस सुमारे तेरा किलोमीटरवर, कावेरीच्या तीरी तिरुवैयारु हे गाव आहे. तमिळमधील या नावाचा अर्थ पाच नद्यांचे पवित्र स्थान. संस्कृतात यालाच पंचनद म्हणतात. थोर वाग्गेयकार त्यागराज यांनी १८४७ साली येथेच देह ठेवला. तंजावरवर १६७६ पासून १८५५ पर्यंत भोसले कुळाची सत्ता होती, आणि त्या काळात दक्षिणेत स्थायिक झालेली मराठी घराणी आजही या परिसरात आपली बोली जपून आहेत.

अशाच एका आप्तांच्या घरच्या विवाहासाठी प्रस्तुत लेखक काही वर्षांपूर्वी तिरुवैयारुला गेला होता. मुहूर्त पहाटेचा होता. कार्यालयात मंद दिवे होते आणि छायाचित्रे घेण्याचे काम लेखकाकडे होते. नागस्वर व तविल एकाएकी द्रुत लयीत वाजू लागले. मंगळसूत्र बांधण्याचा क्षण आला. वधूच्या वृद्ध आजी दोघांच्या आधाराने उठून अक्षता टाकण्यास पुढे आल्या. कळ दाबली, परंतु फ्लॅश उजळलाच नाही. त्याचा सज्जतेचा दिवा लागेपर्यंत आजी पुन्हा आपल्या आसनावर बसल्या होत्या. पुढल्या वर्षी त्या निवर्तल्या. त्या क्षणाचे छायाचित्र त्या घरात नाही.

दोष फ्लॅशचा नव्हता. सेलच्या निवडीचा आणि निगेचा होता. अशी चूक कोणत्याही घरी होऊ शकते, म्हणून तिचा थोडा विचार करू.

सन १८५८ मध्ये लिनियस ट्राइप यांनी तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराची जी प्रसिद्ध छायाचित्रे घेतली, ती सूर्यप्रकाशाच्या भरवशावर. आज आपण प्रकाश खिशात घालून नेतो. फ्लॅशमध्ये विद्युत्‌भार साठवणारा एक धारित्र असतो. सेलच्या अल्प दाबाचे रूपांतर होऊन तो सुमारे तीनशे व्होल्टपर्यंत भरला जातो, आणि कळ दाबताच तो साठा क्षणार्धात दिव्यातून वाहून जातो. पुढचा प्रकाश मिळण्यापूर्वी धारित्र पुन्हा भरावा लागतो. त्यासाठी सेलमधून काही अँपिअर इतका मोठा प्रवाह ओढला जातो. म्हणून सेलमध्ये वीज किती आहे, इतकेच पाहून भागत नाही. ती किती त्वरेने बाहेर येते, हेही पाहावे लागते.

भिंतीवरील घड्याळात चालणारे साधे झिंक-कार्बन सेल येथे निरुपयोगी ठरतात. अल्कलाइन सेलवर दीड व्होल्ट लिहिलेले असते खरे. परंतु मोठा प्रवाह ओढताच त्याचा दाब घसरतो आणि प्रत्येक प्रकाशागणिक प्रतीक्षा वाढत जाते. निकेल-मेटल हायड्राइड जातीच्या पुनर्भारित सेलचा दाब केवळ १.२ व्होल्ट असतो. तथापि त्याचा अंतर्गत रोध अल्प असल्याने तो दाब बराच वेळ टिकून राहतो. फ्लॅशसाठी हीच जात योग्य होय. जुन्या निकेल-कॅडमियम सेलमध्ये कॅडमियम हा विषारी धातू असे. या जातीत तो नसतो.

या जातीतही दोन प्रकार आहेत. एका प्रकारावर २५०० किंवा त्याहून अधिक मिलिअँपिअर-तास असा आकडा असतो, दुसऱ्यावर साधारण २०००. मोठा आकडा पाहून मन मोहते. पण थोडा हिशेब करू. दोन अँपिअर-तासांच्या सेलमध्ये सुमारे ८,६०० ज्यूल ऊर्जा असते; चार सेलमध्ये ३४,००० हून अधिक. पूर्ण शक्तीच्या एका प्रकाशास ७० ज्यूल लागतात आणि निम्मी ऊर्जा रूपांतरात वाया जाते असे धरले, तरी कागदावर दोनशेहून अधिक प्रकाश मिळतात. एका विवाहविधीला इतके पुष्कळ झाले.

खरा प्रश्न सेल त्या दिवशी भरलेले असतात की नाही, हा आहे. या जातीचे जुन्या पद्धतीचे सेल नुसते ठेवून दिले तरी आपोआप रिते होत जातात, आणि उष्ण हवेत अधिक वेगाने. अल्प स्वयंविसर्जनाचे सेल सान्यो कंपनीने २००५ साली बाजारात आणले, तेव्हापासून ही अडचण पुष्कळ दूर झाली. असे सेल वर्षभरानंतरही आपला बहुतांश भार राखून असतात. म्हणून २००० च्या आसपासचे, अल्प स्वयंविसर्जनाचे चार-चार सेलचे दोन संच घ्यावेत. मोठ्या आकड्याच्या एका संचापेक्षा ते अधिक भरवशाचे.

लेखकाने नेमके उलट केले होते. मोठ्या आकड्याचे जुन्या पद्धतीचे सेल महिनाभर आधी भरून कपाटात ठेवले, आणि त्यांतील एक हरवल्यामुळे त्याच्या जागी एक जुना सेल घातला. चार सेल एकापुढे एक जोडलेले असतात. त्यांतील दुबळा सेल आधी रिता होतो आणि साऱ्यांना अडवून धरतो. म्हणून संच कधीही मिसळू नयेत. प्रत्येक संचावर 'क', 'ख' अशी खूण करावी व ते एकत्रच वापरावेत, एकत्रच भरावेत.

भारक घेताना प्रत्येक सेल स्वतंत्रपणे तपासून, तो भरताच आपोआप थांबणारा घ्यावा. स्वस्त भारक न थांबता सेल तापवीत राहतात. त्याच आकाराचे ३.७ व्होल्टचे लिथियम-आयन सेलही मिळतात. ते फ्लॅशमध्ये मुळीच घालू नयेत, अन्यथा यंत्र बिघडेल. सेल किल्ल्यांबरोबर खिशात सुटे ठेवू नयेत. आयुष्य संपलेले सेल केरात न टाकता संकलनासाठी द्यावेत. २०२२ च्या नियमांनी ते परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

शेवटी, फ्लॅश कोठे वापरू नये हेही जाणावे. पौष वद्य पंचमीला त्यागराजांच्या समाधीपाशी शेकडो गायक एकस्वराने पंचरत्न कृती गातात. तेथे गात्यांच्या डोळ्यांवर झोत टाकण्यापेक्षा दिवसाच्या उजेडातच छायाचित्र घेणे शोभून दिसते.

मंगल कार्याच्या आदल्या रात्री आपण अक्षता, हळदकुंकू, नारळ मोजून ठेवतो. त्याच तबकाशेजारी भरलेल्या सेलचे दोन संचही ठेवावेत. अक्षता टाकण्यास उठलेली आजी आपल्या दिव्यासाठी थांबत नाही.