पेव भरायचं कुठे, उपसायचं कुणी?

पायाखालचं पाणी : लेखांक सहावा

वैशाखात अमळनेरला संत सखाराम महाराजांची यात्रा भरते, ती बोरीच्या पात्रात. पाळणे, रसवंत्या, भांड्यांची नि खेळण्यांची दुकानं, सगळा पसारा नदीत मांडलेला असतो. यात्रेला एवढी ऐसपैस जागा मिळते, कारण नदीत पाणी नसतं. याचं कुणाला नवल वाटत नाही, इतकी ती सवयीची गोष्ट झाली आहे. हीच बोरी पावसाळ्यात एखाद्या रात्री दोन्ही काठ धरून वाहते आणि ते पाणी तापीमार्गे उकाईला, म्हणजे गुजरातेत पोचतं. तालुक्याच्या उत्तर सीमेवर तापीवरचं पाडळसरे धरण दोन दशकांहून अधिक काळ पुरं होतंय. तेव्हा पावसाळ्याचं पाणी वैशाखापर्यंत ठेवायचं कुठे, हा प्रश्न जुनाच आहे. धरण हे त्याचं एक उत्तर. जमिनीच्या पोटात ठेवणं हे दुसरं, आणि या आठवड्यात त्याचाच विचार करायचा आहे.

खानदेशात पाणी उघड्यावर ठेवणं महागात पडतं. इथल्या उन्हात उघड्या तलावातून वर्षाकाठी दीड ते दोन मीटर उंचीचं पाणी नुसतं उडून जातं. पाझर तलावात उरलंसुरलं पाणी फेब्रुवारी उजाडेपर्यंत आटतं, ते सगळं मुरतं असा समज करून घेऊ नये. जमिनीखाली गेलेल्या पाण्याला ऊन लागत नाही, गाळाने त्याची साठवण कमी होत नाही आणि त्यासाठी कुणाचं शेत बुडवावं लागत नाही. आपल्याकडे धान्य पेवात ठेवायचे, तसंच हे. पण पेव कुठेही खणत नसत. ओल न धरणारी, भिंत न ढासळणारी जमीन पाहून जागा ठरायची. पाण्याच्या बाबतीत मात्र आपण जेसीबी आधी बोलावतो आणि जमीन कशी आहे ते नंतर विचारतो.

खडकात पाणी राहतं ते त्याच्या फटींत आणि छिद्रांत. झिजलेल्या काळ्या दगडातून, म्हणजे बेसॉल्टमधून उपसता येईल असं पाणी त्याच्या आकारमानाच्या साधारण १ ते ३ टक्के असतं. वाळूमिश्रित गाळाच्या थरात तेच १२ ते २० टक्क्यांपर्यंत जातं. नुसत्या टक्केवारीने काही डोक्यात शिरत नाही, म्हणून हिशेब करू. एक हेक्टर शेताखालची पाणीपातळी एक मीटरने वर आली, तर बेसॉल्टमध्ये (२ टक्के धरून) दोन लाख लिटर पाणी वाढलं. वाळूच्या थरात (१६ टक्के धरून) सोळा लाख लिटर. म्हणजे ‘जलसंधारणामुळे विहिरीची पातळी पाच मीटरने वाढली’ ही बातमी बेसॉल्टच्या गावातली असेल, तर हेक्टरमागे दहा लाख लिटरची भर पडली. एक हेक्टर गव्हाला चाळीस लाख लिटरच्या आसपास पाणी लागतं. पाच मीटरच्या आनंदात पाव हेक्टर गहू निघाला! केळीचं तर नावच नको. बातमी खोटी नसते, पण विहिरीत डोकावून साठ्याचा अंदाज बांधणं फसवं असतं, एवढं यातून ध्यानात घ्यावं.

खानदेशाचं भाग्य असं की इथे दोन्ही प्रकारची जमीन आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या दगडावर बसलेला, पण तापीच्या दोन्ही अंगांना नदीने आणलेल्या गाळाचे जाड थर आहेत. अमळनेर तालुक्यात उत्तरेकडे तापीकाठाला हा गाळ भेटतो आणि दक्षिणेकडे, पारोळ्याच्या बाजूला सरकावं तसा दगड वर येतो. एकाच तालुक्यात दोन गावांना दोन वेगळे उपाय लागतात, आणि योजना मात्र दोघांना एकच येते.

समोरच्या काठावर धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात याच मुद्द्यावरून एक मोठा प्रयोग उभा राहिला. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेतून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर आणि तिथले आमदार अमरीशभाई पटेल यांनी २००४ च्या सुमारास त्याला हात घातला. खानापूरकरांचं म्हणणं सरळ होतं. तापीकाठच्या भागात वर पिवळ्या मातीचा जाड थर आहे, तो पाणी खाली जाऊ देत नाही. त्याखाली वाळू आहे, आणि बेसुमार उपशाने ती कोरडी पडलेली आहे. वर पाऊस, खाली रिकामी वाळू, आणि मध्ये झाकण. मग नाले रुंद करा, दहा-पंधरा मीटरपर्यंत खोल करा, झाकण फोडा, आणि थोड्या थोड्या अंतरावर दरवाजे नसलेले सिमेंटचे बंधारे बांधा. दगडाच्या भागात कठीण थर ओलांडून मुरूम किंवा मांजऱ्या दगडापर्यंत जा. याच्या जोडीला करवंद आणि अनेर धरणांचं जादा पाणी कोरड्या विहिरींत सोडलं गेलं. कोरडी विहीर म्हणजे निकामी विहीर, ही समजूत त्यामुळे मोडली. पाणी वर यायची वाट पाणी आत जायलाही चालते.

पुढे ‘शिरपूर पॅटर्न’ हे नाव झालं आणि नाव झालं की नकला होतात. २०१४ च्या डिसेंबरात जलयुक्त शिवार आलं, गावोगाव नाले खोल होऊ लागले, आणि जिथे पिवळी मातीही नाही, खाली वाळूही नाही तिथे नुसते चर पडले. अर्थतज्ज्ञ ह. मो. देसरडा यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, त्यातून माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांची समिती नेमली गेली. टीकाकारांचा मुद्दा रास्त होता. नाला त्याच्या शेजारच्या विहिरींच्या पाणीपातळीखाली खोल नेला, तर तो पाणी मुरवत नाही, विहिरींचंच पाणी ओढून घेतो. माझ्या मते शिरपूरचा प्रयोग शिरपूरपुरता खरा आहे. त्यातून उचलायचं असेल तर खोदण्याआधी जमीन वाचण्याची पद्धत उचलावी. खोदकामाची मापं नव्हेत.

पूर्वेला यावल-रावेरकडे आणखी चांगलं पेव आहे. सातपुड्याच्या पायथ्याला डोंगरातून आलेले गोटे, खडी, वाळू यांचा पट्टा आहे. भूवैज्ञानिक त्याला बझाडा म्हणतात. त्यात पाणी झपाट्याने उतरतं. केळीच्या बागांनी हाच पट्टा वर्षानुवर्षं उपसला. यावल तालुक्यात केंद्रीय भूजल मंडळाने पुनर्भरणाचे प्रयोग पूर्वीच करून पाहिले आहेत. आणि हे ज्ञान आपल्याला संस्थांनीच दिलं असंही नाही. जुन्या खानदेशाची राजधानी बऱ्हाणपूर. तिथे १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरलेलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, शंभरावर कुंड्यांच्या माळेने, केवळ उताराच्या जोरावर शहरात आणलं. पंप नाही, वीज नाही. आता त्याच पट्ट्यासाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी १० मे २०२५ रोजी भोपाळमध्ये तापी मेगा रिचार्ज प्रकल्पाचा करार केला आहे. खारिया गुटीघाट इथे बंधारा घालून तापीचं पुराचं पाणी कालव्यांनी पायथ्याला न्यायचं आणि मुरवायचं, अशी ती योजना. दोन्ही राज्यं मिळून ३१.१३ टीएमसी पाणी वापरणार आहेत. कागदावर भव्य आहे. पाडळसरे पाहिलेल्या माणसाने किती वाट पाहायची ते ज्याचं त्याने ठरवावं.

तोवर आपल्या शेतातली विहीर आहेच. सौराष्ट्रात १९८५ ते ८७ च्या दुष्काळानंतर पांडुरंगशास्त्री आठवले यांच्या स्वाध्याय परिवारातल्या शेतकऱ्यांनी शेतातलं पावसाचं पाणी वळवून विहिरींत सोडलं आणि बघता बघता त्याची चळवळ झाली. काम अवघड नाही, पण त्यात एक नाजूक जागा आहे, ती म्हणजे गाळणी. विहिरीपासून थोड्या अंतरावर खड्डा घ्यायचा. तळाला मोठे गोटे, त्यावर खडी, वर जाड वाळू, आणि तळातून विहिरीत पाइप. त्याच्या अलीकडे आणखी एक छोटा खड्डा हवा, गाळ बसण्यासाठी. पहिले एक-दोन पाऊस सोडून द्यायचे. दोन-चार जोरदार सरींनंतर वाळूवर उकरून पाहा: बोटाच्या पेरभर चिकण माती साचून पापुद्रा धरलेला दिसेल. तो खरवडून काढला नाही तर पाणी वरूनच वाहून जातं, आणि दुसऱ्या वर्षी आपण म्हणतो, पुनर्भरणाने काही फरक पडत नाही. कपाशीच्या शेतात फवारणीचे दिवस असतील तर ते पाणी विहिरीत घालूच नये, बोअरमध्ये तर मुळीच नाही. पिण्याचं पाणी जिथून येतं तिथे विष साठवण्यापेक्षा विहीर कोरडी बरी.

आता अवघड भाग. पेवाचं तोंड ठाऊक असायचं ते घरच्या माणसाला. या पेवाला मात्र शिवारात जितक्या विहिरी आणि बोअर तितकी तोंडं. मी पाणी मुरवायचं, शेजाऱ्याने चारशे फुटांचा बोअर मारून ते उपसायचं, यात आजवर कायदा शेजाऱ्याच्याच बाजूने राहिला. जमीन ज्याची, खालचं पाणी त्याचं, हा इंग्रजी अमलातला विचार. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल अधिनियम शेती आणि उद्योगांसाठी ६० मीटरहून खोल विहिरींना मज्जाव करतो. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. कुठल्याही बोअरवाल्या गाडीला विचारा, खानदेशात दोनशे फुटांवर कोण थांबतं?

बंधन गावानेच घालून घ्यायचं असतं, हे आपल्या भागाला नवं नाही. तालुक्याच्या पश्चिमेला मांडळ-मुडीकडून जाणारी पांझरा, तिच्या वरच्या अंगाला साक्री-धुळ्याकडे फड पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालली. सगळी भिजणारी जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात एकच पीक. पाटकरी पाणी देणार, आणि पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड सगळ्यांनी मिळून कोरडा सोडायचा. पाट डोळ्यांना दिसत होता म्हणून ते जमलं. जमिनीखालचं पाणी दिसत नाही, म्हणून ते मोजावंच लागतं. भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. त्याच महिन्यांत दोरीला दगड बांधून आपल्या विहिरीचं माप घ्या, तारखेसह वहीत लिहा आणि गावातल्या दहा विहिरींचे आकडे ऑक्टोबरच्या ग्रामसभेत एकत्र वाचून मग रब्बीचं क्षेत्र ठरवा. पुढच्या आठवड्यात नदीतल्या वाळूचा उपसा आणि त्यामुळे काठच्या विहिरींचं काय होतं ते पाहू. बोरी, पांझरा किंवा तापीकाठच्या वाचकांकडे जुन्या नोंदी असतील तर त्या जरूर पाठवाव्यात.