स्ट्रॉन्शियम रुथेनेटची फेरतपासणी

काही पदार्थ अतिशय थंड केले असता त्यांचा विद्युत्‌रोध समूळ नाहीसा होतो, म्हणजेच ते अतिसंवाहक होतात, हे लायडनच्या कामरलिंग ओनेस यांनी १९११ साली पाऱ्याच्या बाबतीत प्रथम पाहिले. त्याची समाधानकारक उपपत्ती मात्र बार्डीन, कूपर व श्रीफर यांनी १९५७ साली दिली. तिच्यानुसार, एरवी परस्परांना दूर लोटणारे इलेक्ट्रॉन अशा अवस्थेत जोडीने वावरतात, आणि दोघांची परिवलने विरुद्ध असल्यामुळे जोडीचे परिवलनजन्य चुंबकत्व शून्यावर येते.

१९९४ साली योशितेरू माएनो व त्यांच्या सहकाऱ्यांना स्ट्रॉन्शियम रुथेनेटात जी अतिसंवाहकता आढळली, ती उत्तम स्फटिकांतही सुमारे दीड केल्व्हिनखालीच प्रकट होत असल्यामुळे व्यवहारदृष्ट्या कवडीमोलाची होती; परंतु पुढच्याच वर्षी राइस व सिग्रिस्ट यांनी, येथील जोड्यांत दोन्ही परिवलने समांतर असावीत, असा तर्क मांडला आणि या संयुगाला एकाएकी प्रतिष्ठा लाभली.

तर्काची शहानिशा करण्याचे हुकमी साधन म्हणजे अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन. नेहमीच्या ऑक्सिजनचे अणुकेंद्र चुंबकीयदृष्ट्या मुके. म्हणून स्फटिकात ऑक्सिजन-१७ हा विरळा समस्थानिक मुद्दाम भरतात, स्फटिक प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवतात, आणि रेडिओ-स्पंदांनी त्या अणुकेंद्राला छेडून त्याची कंप्रता टिपतात. भोवतालच्या इलेक्ट्रॉनांची परिवलने क्षेत्राकडे कलली की ही कंप्रता किंचित सरकते. वॉल्टर नाइट यांच्या नावाने ओळखले जाणारे हे विस्थापन विरुद्ध परिवलनांच्या जोड्या जुळताच घटले पाहिजे, आणि जोड्या समांतर व क्षेत्राची दिशा अनुकूल असेल तर जसेच्या तसे राहिले पाहिजे. १९९८ साली केन्जी इशिदा व सहकाऱ्यांना ते तसूभरही घटलेले दिसले नाही, आणि तो तर्क दफ्तरी कायम झाल्यासारखा वीस वर्षे बव्हंशी मान्य राहिला.

२०१९ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील स्टुअर्ट ब्राउन यांच्या गटाने फेरतपासणी केली, तेव्हा निराळीच कैफियत पुढे आली. प्रश्न विचारणारे रेडिओ-स्पंदच स्फटिकात प्रवाह उत्पन्न करून त्याला क्षणभर तापवत होते. आणि ज्याची मर्यादाच दीड केल्व्हिनची, त्याला तेवढी ऊब अतिसंवाहकता गमावण्यास पुरेशी होती. सारांश, जबानी नोंदली जात होती ती सामान्य धातूची. स्पंद पुरेसे क्षीण करताच विस्थापन स्पष्टपणे घटले. इशिदा यांच्या गटाने आपलेच मोजमाप पुन्हा करून २०२० साली तोच निष्कर्ष प्रसिद्ध केला, ही गोष्ट मला मूळ शोधाइतकीच मोलाची वाटते.

समांतर जोड्यांचा दावा त्यामुळे जवळजवळ खारीज झाला आहे. परंतु म्यूऑन या मूलकणांच्या प्रयोगांतून १९९८ सालीच मिळालेला, स्फटिकाच्या आत आपोआप चुंबकीय क्षेत्र उद्भवत असल्याचा दाखला अद्याप उभा आहे, आणि या दोन्ही साक्षींशी जुळणारी जोडीची रचना नेमकी कोणती, यावर शास्त्रज्ञांचे एकमत झालेले नाही.