मापन यंत्रामागचं सॉफ्टवेअरही तपासा

निपाणीहून बेळगावला जाताना महामार्गावर हत्तरगी लागतं. तिथल्या एक्वसच्या विशेष आर्थिक क्षेत्रात विमानांचे सुटे भाग बनतात; बेळगावच्या उद्यमबागेत ओतीव काम आणि हायड्रॉलिक्स. तपासणी विभागात आता मायक्रोमीटरच्या जोडीला सॉफ्टवेअर आकडे देतं, आणि त्याची चूक थेट अहवालात उतरते.

500 मिमी लांबीचा ॲल्युमिनियमचा भाग 25 अंश सेल्सिअसला मोजला, तर 20 अंशांच्या प्रमाण तापमानापेक्षा तो सुमारे 58 मायक्रॉन जास्त भरतो. सॉफ्टवेअरमध्ये चुकून ‘पोलाद’ निवडलं गेलं, तर निम्मीच दुरुस्ती होते आणि चांगला भाग भंगारात जाऊ शकतो.

चाचणी प्रयोगशाळांसाठीचं आयएसओ/आयईसी 17025 (2017) हे मानक म्हणूनच बजावतं: सॉफ्टवेअरमधला बदल मंजूर करून घ्या, नोंदवा आणि वापरण्यापूर्वी पडताळा. हिशेबही तपासायचे असतात, त्यामुळे एक्सेलमध्ये स्वतः बसवलेली सूत्रं यातून सुटत नाहीत. दुर्लक्ष मात्र तिथंच होतं.

प्रत्येक बदलानंतर ज्ञात मापाचा नमुना पुन्हा मोजा, जुन्या आकड्याशी ताडून पाहा आणि सॉफ्टवेअरचा आवृत्ती क्रमांक अहवालावर छापा.