गंधाची वर्दी

कपाशीच्या अनेक शत्रूंमध्ये शेंदरी बोंडअळी विशेष दुर्जय ठरली, कारण आपल्या अळीपणाचा बहुतेक काळ ती दृष्टीआड घालविते. मादी पतंग पात्यांवर, फुलांवर आणि कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी अल्पावधीतच आत शिरते, तिने पाडलेले सूक्ष्म छिद्र बोंड वाढता वाढता बुजून जाते, आणि ती आत सरकी पोखरीत असता बाहेरून ते बोंड निरोगीच दिसते. भारतात २००२ साली आलेल्या, अळीला मारक जनुक असलेल्या बीटी वाणांनी आणि त्यानंतर २००६ मध्ये आलेल्या दोन जनुकांच्या वाणांनी काही वर्षे तिला आवर घातला. परंतु पुढे तिच्या अंगी त्यांविरुद्ध प्रतिकारशक्ती आली, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातील कापूस तिने मोठ्या प्रमाणावर नासविला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर प्राणांस मुकले. जे विष बोंडातील अळीपर्यंत पोहोचत नाही, परंतु फवारणाऱ्या माणसाच्या अंगात मात्र भिनते, त्याच्यावरच सारी भिस्त ठेवणे हे शहाणपणाचे नव्हे आणि न्यायाचेही नव्हे.

अळी लपलेली असली तरी तिचा पतंग मात्र लपून राहत नाही. रात्रीच्या उत्तरार्धात मादी आपल्या उदराच्या टोकाशी असलेल्या ग्रंथीतून एक द्रव्य अत्यल्प प्रमाणात हवेत सोडते आणि त्या कामगंधाच्या मागाने नर तिच्याकडे येतो. गंधाच्या या व्यवहाराची जाणीव एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील कीटकनिरीक्षक झां आंरी फाब्र यांना झाली होती. त्यांच्या घरी जाळीच्या झाकणाखाली ठेवलेल्या एका मोठ्या पतंगाच्या मादीभोवती एकाच रात्री सुमारे चाळीस नर जमले. दुसऱ्या एका जातीच्या बाबतीत तर काचेत बंद केलेली मादी डोळ्यांसमोर असताही नरांनी तिची दखल घेतली नाही आणि ती पूर्वी जेथे विसावली होती त्या जागेकडेच ते धावले. त्या गंधाचे रासायनिक स्वरूप उलगडण्यास मात्र १९५९ साल उजाडावे लागले. जर्मन शास्त्रज्ञ आडोल्फ बुटेनांट यांनी सुमारे वीस वर्षांच्या परिश्रमानंतर, रेशीमकिड्याच्या सुमारे पाच लाख माद्यांपासून, काही मिलिग्रॅम इतकेच शुद्ध द्रव्य हाती घेऊन हे साधले. शेंदरी बोंडअळीचा कामगंध १९७३ मध्ये निश्चित झाला. दोन अगदी सारख्या रेणूंचे जवळजवळ समप्रमाणातील हे मिश्रण ‘गॉसिप्ल्यूर’ या नावाने ओळखले जाते.

आपल्या शिवारात हे ज्ञान कामगंध सापळ्याच्या रूपाने पोहोचले आहे. पिकाच्या शेंड्यापेक्षा थोडा उंच असा हा सापळा असतो. त्यात ल्यूर, म्हणजे कामगंध भरलेली आमिषवडी, लावलेली असते, आणि तिच्या ओढीने आलेला नर खालच्या पिशवीत अडकतो. ल्यूरमधील गंध हळूहळू संपत असल्याने ती ठरावीक मुदतीने बदलावी लागते. एकरी दोन सापळे लावून रोज पतंग मोजावेत, आणि लागोपाठ तीन रात्री एका सापळ्यात सरासरी आठ किंवा अधिक नर सापडल्यास उपाययोजनेची वेळ आली असे समजावे, अशी शिफारस आहे. म्हणजे सापळ्याचे पहिले काम संहाराचे नसून वर्दी देण्याचे आहे. डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमललेली फुले, दिसू लागण्याची वाट न पाहता आणि विनाकारण विष न फवारता, शेतकऱ्याला हिशेबाने निर्णय घेता येतो. शिवाय हा गंध ज्या जातीचा, त्याच जातीचे नर त्याला प्रतिसाद देतात. मधमाशी, ढालकिडा आणि कोळी यांच्या वाट्याला तो जात नाही.

तथापि या साधनाच्या मर्यादाही जाणल्या पाहिजेत. सापळ्यात केवळ नर सापडतात, आणि एक नर अनेक माद्यांशी समागम करू शकत असल्याने, थोडे नर जरी उरले तरी वंशवृद्धी थांबत नाही. म्हणून दुसरी युक्ती निघाली. झाडाझाडांवर गंधाच्या दोऱ्या बांधून किंवा गंधयुक्त लेप लावून साऱ्या शेतात तो दरवळ इतका पसरावयाचा, की भर बाजारात शंभर जणांनी एकाच नावाने हाका माराव्यात आणि त्या नावाच्या माणसाला कोणाकडे जावे ते कळू नये, तशी नराची गत व्हावी. मीलनच घडले नाही तर फलित अंडी कोठून येणार?

ही युक्ती एकट्या शेतात फारशी फळत नाही, कारण शेजारच्या शेतात मीलन उरकलेली मादी बांध ओलांडून येते आणि निर्वेधपणे अंडी घालते. अमेरिकेने १९७८ पासून हा गंध शेतात वापरला, आणि पुढे विस्तीर्ण सलग प्रदेशात बीटी कापूस, कामगंध, वंध्य पतंगांची सोडणूक व हंगामाअखेर पऱ्हाट्यांचा समूळ नाश ही सारी साधने एकत्र योजून, २०१८ मध्ये आपल्या कापूसपट्ट्यातून या किडीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. आपल्याकडे जमिनीचे तुकडे लहान आणि धारक असंख्य. त्यामुळे सलग क्षेत्र उभे करण्याचे काम अधिक कठीण, परंतु म्हणूनच अधिक निकडीचे आहे. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेले कपाशीचे पीक, न ठेवण्याचा निर्णय सर्व गावाने एकदिलाने घ्यावा, सापळे एकाच आठवड्यात सर्वत्र लागावेत, जिनिंगच्या आवारातही ते असावेत, आणि प्रत्येकाच्या सापळ्यातील आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर सर्वांना वाचता यावा, एवढी तजवीज कोणत्याही गावाच्या आवाक्यातील आहे. विज्ञानाने आपला वाटा उचलला आहे. उरलेला वाटा गावाच्या एकोप्याने उचलावयाचा आहे, आणि तो उचलला गेला तर कापूस वाचविण्यासाठी माणसाने विषात उभे राहण्याचे प्रसंग निश्चितच कमी होतील.