किल्ली कोणाकडे? बिटकॉइन, हार्डवेअर वॉलेट आणि आपली सही



गटाच्या बैठकीत बचत, हप्ते, कर्ज झालं की हल्ली एक वेगळा प्रश्न निघतो. "ताई, माह्या पोरानं मोबाइलमधी कॉइन घेतले म्हणते. तं ते पैसे हायेत तरी कुठी?" कोणी विचारते, "पाव्हणे सांगून राह्यले की पेनड्राइव्हसारखी एक वस्तू घेतली की पैसे एकदम सुरक्षित. खरं हाय का?" आपल्या भागातली बरीच पोरं पुण्या-मुंबईला कामाला आहेत. तिकडून असे शब्द घरी येतात. प्रश्न चांगले आहेत, म्हणून यावेळी त्यांची उत्तरं सविस्तर देते.

सुरुवातीलाच एक सांगते. क्रिप्टो घ्या असा सल्ला हा लेख देत नाही. पण घरात कोणी घेतलं असेल, तर ते कसं सांभाळतात आणि कुठे फसायला होतं, हे घरच्या बाईला माहीत पाहिजे.

हे कॉइन असतं कुठे?

गटाचं कॅशबुक डोळ्यासमोर आणा. कोणी किती भरले, कोणाला किती दिले, ते सगळ्यांसमोर लिहिलं जातं. बिटकॉइन २००९ साली सुरू झालं, आणि तेही असंच एक कॅशबुक आहे. फरक एवढाच की ते एका सचिवाकडे नसतं. जगभरातल्या हजारो संगणकांवर त्याची एकसारखी प्रत असते. नाणं किंवा नोट कुठेच नसते, फक्त नोंद असते.

ही नोंद एका नावावरून दुसऱ्या नावावर करायला एक गुप्त किल्ली लागते. किल्ली म्हणजे एक खूप मोठा आकडा. ज्याच्याकडे किल्ली, त्याचा पैसा. तिथे आधार कार्ड कोणी पाहत नाही, सही जुळवत नाही. म्हणून "कॉइन कुठे आहे" यापेक्षा "किल्ली कोणाकडे आहे" हा प्रश्न महत्त्वाचा.

किल्ली दोन ठिकाणी असू शकते. एक, ज्या कंपनीच्या ॲपवरून कॉइन घेतले तिच्याकडे. म्हणजे आपला दागिना दुकानदाराच्या तिजोरीत. तो देईल तेव्हा मिळेल. दोन, स्वतःकडे. स्वतःकडे ठेवायचं जे छोटं यंत्र असतं, त्याला हार्डवेअर वॉलेट म्हणतात. लेजर आणि ट्रेझर ही त्यातली दोन जास्त चालणारी नावं. किंमत काही हजार रुपये.

यंत्र आणि ॲप: कोणाचं काम काय?

यंत्र पेनड्राइव्हएवढं असतं. किल्ली त्याच्या आतच तयार होते आणि आतच राहते. सोबत मोबाइलवर किंवा संगणकावर एक ॲप घ्यावं लागतं. शिल्लक दाखवणं आणि पाठवायचा व्यवहार तयार करणं हे ॲपचं काम. सही मात्र यंत्र करतं, आणि तेही आपण यंत्राचं बटण दाबलं तरच.

आपल्याकडे काही गटांत पेटी एका ताईच्या घरी आणि किल्ली दुसरीच्या घरी असते. हे तसंच आहे. मोबाइलमध्ये व्हायरस शिरला तरी किल्ली मोबाइलमध्ये नाहीच, त्यामुळे चोराला ती उचलून नेता येत नाही.

वापरताना पाळायच्या गोष्टी अशा:

१. यंत्र कंपनीकडून किंवा तिच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यायचं. वापरलेलं, कोणी भेट दिलेलं, पोस्टाने आपोआप आलेलं घ्यायचं नाही. लेजरच्या ग्राहकांचे पत्ते २०२० मध्ये फुटले होते. त्यानंतर काही ग्राहकांना घरपोच बनावट यंत्रं पाठवली गेली.

२. ॲप कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर दिलेल्या दुव्यावरूनच घ्यायचं. नोव्हेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ॲप दुकानातही लेजरच्या नावाचं बनावट ॲप शिरलं होतं, आणि त्यात लोकांचे पैसे गेले.

३. यंत्र पहिल्यांदा सुरू केलं की ते १२ किंवा २४ इंग्रजी शब्द दाखवतं. हे शब्द म्हणजेच किल्ली. ते कागदावर क्रमाने लिहायचे. फोटो नाही, व्हॉट्सॲप नाही, मोबाइलच्या नोंदवहीत नाही. डब्यात शब्द आधीच छापलेले आले, तर ते यंत्र फसवणुकीचं आहे असं समजा.

४. यंत्र हरवलं, फुटलं, पावसात भिजलं तरी पैसा जात नाही. नवीन यंत्रात तेच शब्द टाकले की सगळं परत दिसतं. पण शब्द आणि यंत्र दोन्ही गेले, तर जगातला कोणताही मॅनेजर ते परत देऊ शकत नाही. आणि शब्द दुसऱ्याला मिळाले, तर त्याला यंत्राची आणि पिनची गरजच पडत नाही.

५. शब्द कोणालाच सांगायचे नाहीत. खरी कंपनी ते कधी विचारत नाही. "वॉलेट बंद पडणार आहे, शब्द टाकून चालू करा" असा फोन किंवा मेसेज आला, की तो चोरच.

६. मोठी रक्कम पाठवण्याआधी थोडीशी पाठवून पाहायची. चुकीच्या पत्त्यावर गेलेला पैसा परत मागता येत नाही.

७. बटण दाबण्याआधी पत्ता आणि रक्कम यंत्राच्या छोट्या पडद्यावर वाचायची. मोबाइलच्या पडद्यावर विश्वास ठेवायचा नाही.

हा सातवा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. कसा, ते खालच्या गोष्टीवरून कळेल.

तीन सह्या होत्या, तरी पैसे गेले

वझीरएक्स ही मुंबईची क्रिप्टो कंपनी. १८ जुलै २०२४ रोजी तिच्या एका वॉलेटमधून सुमारे २००० कोटी रुपयांचे कॉइन चोरीला गेले. ग्राहकांचे होते ते. त्यानंतर ग्राहकांना आपले कॉइन काढण्याची सोय वर्षभराहून जास्त काळ बंद राहिली. ही चोरी उत्तर कोरियाच्या हॅकरांनी केली, असं जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया या देशांनी मिळून जाहीर केलं.

आता लक्ष देऊन वाचा. त्या वॉलेटला एक किल्ली नव्हती. सह्या करणारे सहा जण होते. व्यवहाराला कंपनीच्या तिघांची सही लागायची, आणि शेवटी दुसऱ्या एका कंपनीची मंजुरी. ते तिघेही हार्डवेअर वॉलेट वापरत होते. म्हणजे आपण वर पाहिलं तेच यंत्र. मग चोरी झाली कशी?

वझीरएक्सने दिलेल्या माहितीनुसार, पडद्यावर एक व्यवहार दिसत होता आणि प्रत्यक्षात सही होत होती दुसऱ्याच गोष्टीवर. किल्ली कोणी चोरली नाही. किल्लीवाल्यांकडूनच चुकीच्या कागदावर सही करून घेतली.

हे वाचून तुम्हाला काही आठवलं का? मला आपल्या कोऱ्या विड्रॉल स्लिपा आठवल्या. "मॅडम बँकेत जाऊनच राहिल्या, सही करून ठेवा, आकडा मंग टाकू." अध्यक्षांची सही, सचिवांची सही, दोघी प्रामाणिक. पण आकडा कोणी वाचलाच नाही. तसंच पैसे काढायच्या केंद्रावर. मशीनवर अंगठा ठेवताना "फक्त शिल्लक पाहतो" असं सांगतात. मशीनवर नेमकं काय लिहिलं आहे, किती आकडा आहे, ते पाहिल्याशिवाय अंगठा ठेवायचा नाही, आणि पावती घेतल्याशिवाय उठायचं नाही. वाचता येत नसेल तर सोबत कोणाला न्या. त्यात लाज काहीच नाही. शिकलेल्या, यंत्र हातात असलेल्या माणसांच्याही सह्या अशाच गेल्या.

"महिन्याला दहा टक्के" म्हणणारे

हार्डवेअर वॉलेट चोरापासून वाचवतं. पण आपण स्वतःच्या हाताने पैसे दिले, तर कोणतंच यंत्र वाचवत नाही. गेनबिटकॉइन नावाची योजना पुण्यासह देशभर चालली. बिटकॉइन द्या, दर महिन्याला १० टक्के असं १८ महिने परत मिळेल, असं आमिष होतं. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी मुख्य आरोपी अमित भारद्वाज याला अटक केली. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने हा तपास सीबीआयकडे गेला.

जरा हिशोब करा. १ लाखावर महिन्याला १० टक्के, १८ महिन्यांत १ लाख ८० हजार रुपये. गटात शेकडा २ रुपयांनी व्याज धरलं तर त्याच १८ महिन्यांत ३६ हजार होतात, आणि ते व्याज कोण भरते ते आपल्याला माहीत असते. तिने शेळी घेतली, शिलाई मशीन घेतली, बियाणं घेतलं. तिकडे १ लाख ८० हजार कोण भरणार होतं? मागून येणारा नवा माणूसच. नवे आले नाहीत की खेळ संपला.

याच प्रकरणात आणखी एक धडा आहे. पोलिसांनी तपासाला मदतीसाठी घेतलेल्या दोन तांत्रिक जाणकारांनाच मार्च २०२२ मध्ये अटक झाली. आरोपींच्या वॉलेटमधलं क्रिप्टो त्यांनी स्वतःकडे वळवलं आणि पोलिसांना बदललेले स्क्रीनशॉट दिले, असा आरोप आहे. म्हणून "ताई, हा पाहा स्क्रीनशॉट, तुमचे पैसे दुप्पट झाले" याला पुरावा मानू नका. आणि "मी जाणकार आहे, वॉलेट मी उघडून देतो" म्हणणाऱ्याच्या हाती शब्द देऊ नका.

कायदा काय म्हणतो?

भारतात क्रिप्टोवर बंदी नाही, पण ते आपलं चलनही नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या धंद्याला सेवा देण्यास मनाई केली होती. ती मनाई सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये रद्द केली. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर लागतो. एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो. क्रिप्टोला असा विमा नाही.

म्हणून गटाचा पैसा, फिरता निधी, बँक कर्ज यातला एक रुपयाही तिकडे जाता कामा नये. कर्ज मागताना कारण वेगळं सांगून पैसे तिकडे वळवले, तर हप्ता बाकीच्या नऊ जणींच्या गळ्यात येतो. किंमत एका रात्रीत पडते. हप्त्याची तारीख मात्र पडत नाही.

घरात आधीच असेल तर

आपल्या गटांत अशा ताई आहेत ज्यांना मालक गेल्यावर कळलं की खातं कोणत्या बँकेत होतं. कागदपत्रं गोळा करण्यात वर्ष गेलं, पण बँक तिथेच होती, वारस म्हणून पैसे मिळाले. स्वतःच्या वॉलेटला बँक नाही, वारसाची नोंद करायला खिडकी नाही. शब्द सापडले नाहीत, तर तो पैसा कायमचा गेला.

म्हणून मुलाला किंवा मालकाला बसवून एवढं विचारा: कॉइन कंपनीच्या ॲपवर आहेत की यंत्रात? ॲपवर असतील तर कोणती कंपनी, कोणता मोबाइल नंबर जोडला आहे? यंत्रात असतील तर यंत्र कुठे आहे आणि शब्दांचा कागद कुठे ठेवला आहे? शब्द काय आहेत ते विचारू नका, फक्त जागा विचारा. कागद पाकिटात बंद करून, पाणी-उंदरापासून दूर, जमिनीच्या कागदांसारखा ठेवा. यंत्र आणि कागद एकाच डब्यात ठेवू नका. "तुला काय समजते त्यातलं" असं उत्तर आलं, तर म्हणा, "समजायची गरज नाही, जागा सांगून ठेव."

फसवणूक झालीच तर लाजून बसू नका. लगेच १९३० या नंबरवर फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात जा. बँकेतून पैसे गेले असतील तर जितक्या लवकर फोन, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. मेसेज, नंबर, व्यवहाराचा क्रमांक काहीच मिटवू नका.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने एक काम करावं. गटाचं चेकबुक आणि स्लिपा काढून पाहाव्या. सही केलेली कोरी स्लिप सापडली, तर सगळ्यांसमोर फाडावी आणि तसा ठराव इतिवृत्तात लिहावा. आकडा लिहिलेला नसेल तर सही करायची नाही, मग मागणारी ताई कितीही विश्वासाची असो. ज्या गटांना ठरावाचा मजकूर लिहायला मदत लागेल, त्यांनी मला किंवा तुमच्या सीआरपी ताईंना बैठकीच्या आधी सांगावं.