चार्जरमधील रोहित्र आणि रेडिओतील खरखर

हवामानाचा अंदाज ऐकण्यासाठी रेडिओ लावावा, आणि त्याच वेळी कोणी भिंतीवर मोबाइलचा चार्जर लावताच केंद्र खरखरीत बुडून जावे, हा अनुभव गावोगावी येतो. दोष बहुधा रेडिओच्या माथी मारला जातो. वस्तुतः खरखरीचे मूळ चार्जरमधील बोटाच्या पेराएवढ्या रोहित्रात असते.

डांबरी सडकेलगत खांबावर असलेले रोहित्र सेकंदास ५० आवर्तनांवर चालते. चार्जरमधील रोहित्र त्याहून फार वेगळे. त्यात २३० व्होल्टचा प्रवाह प्रथम एकदिश करून सुमारे ३२५ व्होल्टचा केला जातो आणि मग एक इलेक्ट्रॉनिक कळ तो सेकंदास हजारो वेळा चालू-बंद करते. ६५,००० ही संख्या पुष्कळ चार्जरांत आढळते. या तडकाफडकी चालू-बंदीमुळे मूळ संख्येच्या पटीतील लहरीही उमटतात. ६५ ची नववी पट ५८५ होते, आणि ५८५ किलोहर्ट्झ ही आकाशवाणीच्या नागपूर केंद्राला मध्यम लहरींवर नेमून दिलेली वारंवारता. मग अशा चार्जरशेजारी त्या केंद्राचा आवाज नीट ऐकू आला नाही तर नवल ते काय!

परंतु हा व्यत्यय चार्जरबाहेर पडतो कसा? रोहित्रात दोन वेटोळी असतात. प्राथमिक वेटोळे विजेच्या बाजूचे व दुय्यम वेटोळे मोबाइलच्या बाजूचे. मध्ये विसंवाहक पट्टी असल्याने तार तारेला भिडत नाही. तथापि जवळजवळ ठेवलेले दोन धातू आणि मध्ये विसंवाहक, एवढे असले की धारित्र आपोआप तयार होते. प्राथमिक बाजूचा दाब शेकडो व्होल्टांनी झपाट्याने चढत-उतरत असल्यामुळे त्या अदृश्य धारित्रातून थोडा प्रवाह दुय्यम बाजूस ढकलला जातो. तेथून तो मोबाइलच्या दोरीत शिरतो, आणि घरातील वस्तू व जमिनीमार्गे वीजवाहिनीकडे परततो. दोरी व वीजवाहिनी दोन्ही मिळून एरियलचे काम करतात.

यावरील उपाय म्हणजे कवच-वेटोळे. प्राथमिक व दुय्यम वेटोळ्यांच्या मध्ये बारीक तांब्याच्या तारेचा एक थर गुंडाळतात. त्याचे एक टोक प्राथमिक बाजूच्या, दाब न हलणाऱ्या बिंदूस जोडतात व दुसरे टोक झाकून मोकळे सोडतात. प्राथमिक वेटोळ्यातून निघालेला उपद्रवी प्रवाह या थरावर अडतो आणि आल्या वाटेने परत जातो. दुय्यम बाजूस पोहोचतच नाही. कवचातही थोडा दाब निर्माण होतोच. म्हणून कुशल कारागीर त्याचे वेढे असे मोजतात की, दुय्यम बाजूस जाणारा उरलासुरला प्रवाह उलट प्रवाहाशी जुळून जवळजवळ शून्य व्हावा.

तारेऐवजी तांब्याचा पातळ पत्राही वापरतात. मात्र त्याची दोन टोके एकमेकांस कधीही जोडावयाची नसतात. जोडली तर तो एक बंद वेढा होतो, त्यातून मोठा प्रवाह वाहतो आणि रोहित्र तापून जळते.

हे कवच फुकटचे नाही. वेटोळ्यांतील अंतर वाढल्याने दोघांचे चुंबकीय बंधन थोडे सैल होते, कळेवर दाबाचे झटके येतात व कवचातही थोडी ऊर्जा वाया जाते. काही उत्पादक ते टाळून केवळ दोन बाजूंमध्ये मोठे धारित्र बसवितात. त्यानेही खरखर कमी होते, परंतु २.२ नॅनोफॅरडच्या धारित्रातून सुमारे ०.१६ मिलिअँपिअर प्रवाह सतत झिरपतो. मोबाइलच्या धातूच्या कडेस हात लागताच येणाऱ्या झिणझिण्यांचे हेच कारण. चांगले कवच असल्यास लहान धारित्र पुरते. स्वस्त चार्जरांत दोहोंत काटकसर झालेली असते.

ग्रामसेवकांनी परीक्षा अशी घ्यावी. सेलवर चालणारा रेडिओ मध्यम लहरींवर दोन केंद्रांच्या मधल्या शांत जागी लावावा. चार्जर हातभर अंतरावर, मोबाइल जोडून सुरू करावा, मग काढावा. चार्जर लावताच खरखर वाढत असेल व काढताच थांबत असेल तर कारण उघड आहे. दुसरा चार्जर लावून दोघांची तुलना करावी. रेडिओ दोन-तीन मीटर दूर नेल्यास पुष्कळदा भागते.

चार्जर उघडून कवच घालण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. कवच विजेच्या बाजूस जोडलेले असते. त्याच्या व दुय्यम तारेच्या मधील विसंवाहक पट्टी फाटली, तर घरातला विजेचा दाब थेट हातातील मोबाइलपर्यंत येऊ शकतो.