जुना टीव्ही उघडण्याआधी एवढं वाचाच

पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही घरी दुरुस्त करायला शिकताय? मग आधी धोका समजून घ्या.

⚡ प्लग काढला म्हणजे काम झालं, असं नाही. रंगीत ट्यूबच्या रबरी टोपीखाली २० ते ३० हजार व्होल्ट असतात आणि टीव्ही बंद केल्यावरही हा चार्ज टिकू शकतो. पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरवरही सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतो. ट्यूब डिस्चार्ज करणं जाणत्या मेकॅनिकसमोरच शिका. एकदा डिस्चार्ज केल्यावरही थोडा चार्ज परत येतो, म्हणून ते पुन्हा करावं लागतं.

🔍 लक्षणं ओळखा
• पडद्यावर एकच आडवी रेघ: दोष व्हर्टिकल सेक्शनमध्ये. आयसीच्या पायांचं ड्राय सोल्डर आधी बघा.
• सेट बंद, फ्यूज उडून काळा: कुठेतरी शॉर्ट आहे. ब्रिजचे डायोड आणि लाइन आउटपुट ट्रान्झिस्टर मीटरने तपासा. फ्यूजच्या जागी तार गुंडाळू नका.

💡 दुरुस्तीनंतर पहिल्यांदा सुरू करताना १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावा. तो पूर्ण पेटूनच राहिला, तर शॉर्ट अजून आहे. मात्र हा बल्ब सर्किट वाचवतो; शॉकपासून तुम्हाला नाही!